फातोर्ड्याची सहा मिनिटे

पाणीपट्टीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत सर्व विषयांवर या स्तंभातून आम्ही आजवर लेखणी झिजविली. परंतु पहिल्या पानावरचा अग्रलेख फुटबॉलला दिल्याचे आम्हांस स्मरत नाही. क्रीडावृत्तासाठी शेवटचे पान राखून ठेवलेले असताना संपादकांना हे काय सुचले, असे काही वाचक म्हणतील. त्यांची आम्ही आगाऊ क्षमा मागतो. पण ज्या शहराला आपल्या संघाच्या विजयाचा आनंद धड साजरा करता येत नाही, आणि तो संघ कोणाच्या हाती जातो याची वार्ताही ज्याला क्रीडापानाच्या कोपऱ्यात वाचावी लागते, त्या शहराविषयी चार शब्द पहिल्या पानावर लिहावयास हरकत नसावी.

तर गोष्ट २४ एप्रिल २०२४ च्या रात्रीची. गोव्यातील फातोर्डा येथे इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीतील पहिला सामना चालू होता. एका बाजूला एफ. सी. गोवा आणि दुसऱ्या बाजूला आपला मुंबई सिटी. सोळाव्या मिनिटाला बोरिस सिंगने गोव्याचा पहिला गोल केला, उत्तरार्धात ब्रँडन फर्नांडिसने दुसरा. घड्याळात नव्वदावे मिनिट लागले तेव्हा फलक दोन-शून्य असाच होता. आमच्या मजल्यावर सासष्टीचे एक वयोवृद्ध गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही ‘पात्रांव’ म्हणतो आणि ते आम्हांस, आमचा शिक्षकाचा पेशा सुटून इतकी वर्षे लोटली तरी, ‘मास्तर’च म्हणतात. सामना आमच्याच घरी बसून पाहत होते. ते उठले, पायांत चपला सरकविल्या आणि समाधानाने म्हणाले, “मास्तर, आता बंद करा. उगाच वीज कशाला जाळता?” तेवढ्यात लालियानझुआला छांगटेने गोल केला. पात्रांव दारातच थबकले. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी साधली, आणि भरपाईच्या वेळेतील सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे! तीन-दोन. सामना जवळजवळ संपल्यावर मुंबईने तो जिंकला होता. पात्रांव काहीच बोलले नाहीत. चपला घातलेल्याच होत्या. ते दार ओढून घेऊन निघून गेले.

त्या रात्री आम्ही जो आरडाओरडा केला तो आमच्या वयाला आणि या खुर्चीला शोभण्याजोगा नव्हता, हे मान्य करतो. मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी पात्रांवांचा बंद दरवाजा पाहून मनात एक विचार आला. या मनुष्याच्या दुःखाला मुळे आहेत. आपल्या आनंदाला आहेत काय? त्यांच्या गावात प्रत्येक चर्चपुढच्या मैदानात पोरे चेंडू लाथाडत वाढतात. साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स ही त्यांच्याकडे घरातील माणसांसारखी घेतली जाणारी नावे. एकट्या धेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद गोव्यात नेले. आपल्यापाशी काय आहे? आपल्याला फुटबॉलचा इतिहास नाही असे मुळीच नव्हे. तो आहे, आणि थोरामोठ्यांच्या पंक्तीला बसण्याजोगा आहे. फक्त आपण तो विसरलो आहोत.

रोव्हर्स चषकाची स्पर्धा मुंबईत १८९१ साली सुरू झाली. पहिली कित्येक दशके ती गोऱ्या पलटणींची मिरासदारी होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने ती मोडली आणि दुसऱ्या वर्षी चषक पुन्हा जिंकून हा योगायोग नव्हता हे सिद्ध केले. १९५० पासून १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी चषक नेला. सय्यद अब्दुल रहीम हे त्यांचे शिक्षक. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ज्यांनी भारतीय संघाला चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचविले तेच हे रहीमसाहेब. मोहन बागानने हा चषक चौदा वेळा कलकत्त्यास नेला. कूपरेजच्या लाकडी बाकांवर बसून मुंबईकराने हे सारे पाहिले. हैदराबादच्या पोलिसाला त्याने टाळ्या दिल्या, धोबी तलावाच्या कुडांतून राहणाऱ्या गोवेकर खलाशांच्या शेजारी बसून त्याने चणे खाल्ले. विसावे शतक संपता संपता ती स्पर्धा बंद पडली, आणि या शहराने हूं की चूं केले नाही. पुढे महिंद्र युनायटेड हा मुंबईचा संघ २००६ साली राष्ट्रीय लीगचा अजिंक्य ठरला आणि २०१० साली मालकांनी तो चक्क विसर्जित केला. त्याही वेळी शहरात पान हलले नाही. कलकत्त्यात मोहन बागान गुंडाळण्याची नुसती वदंता उठली असती, तर ट्रामगाड्या बंद पडल्या असत्या!

असे असता २०१४ साली निघालेल्या एका नव्या संघावर आमचे मन जडावे हे आश्चर्यच. त्याची सुरुवात तर फारच केविलवाणी होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये याच गोव्याने याच फातोर्ड्यावर आपल्याला सात-शून्य असे धुऊन काढले होते. २०१६ साली उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला घेऊन संघ गुणतक्त्यात पहिला आला आणि उपांत्य फेरीत कलकत्त्याकडून गारद झाला. २०१९ मध्ये पुन्हा उपांत्य फेरी, पुन्हा गोवा, आणि तेही अंधेरीच्या आपल्या अंगणात एक विरुद्ध पाच! परतीच्या सामन्यात गोव्यात जाऊन एक-शून्य असा विजय मिळविला. पण घर जळाल्यावर विहिरीला पाणी लागले तर त्याचा काय उपयोग? पात्रांवांनी त्या वर्षी आमच्या घरी मुद्दाम बेबिंकाचा डबा धाडला होता. त्या बेबिंकाची गोडी आम्हांस अद्याप बोचते.

मग वारे फिरले. २०२०-२१ चा सारा हंगाम साथीमुळे गोव्यात रिकाम्या प्रेक्षागारांपुढे खेळला गेला. मुंबईने गुणतक्त्यातील अग्रस्थानाची ढाल जिंकली, आणि उपांत्य फेरीत गोव्याशी दोन्ही सामने बरोबरीत सुटल्यावर पेनल्टीच्या फटक्यांवर सहा-पाच अशी सरशी केली. अंतिम सामना मोहन बागानशी झाला. नव्वदाव्या मिनिटाला मणिपूरच्या बिपिन सिंगने गोल केला आणि चषक मुंबईचा झाला. त्याच सामन्यात मुंबईच्या खात्यावरचा पहिला गोल चढविला तो मोहन बागानच्याच तिरी या स्पॅनिश बचावपटूने, चुकून, स्वतःच्या जाळ्यात. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

येथे या स्पर्धेच्या रीतीविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. कारण न्याय-अन्यायाचा प्रश्न तेथेच उभा राहतो. त्या हंगामांत आधी सर्व संघ एकमेकांशी आपापल्या आणि परक्या मैदानावर दोन-दोन सामने खेळत. त्यांत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास ढाल मिळे. पण एवढ्यावर भागत नसे. त्यानंतर वरच्या सहा संघांची बाद फेरी होई. पहिले दोन थेट उपांत्य फेरीत जात, तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चौघे एकेका सामन्यात नशीब अजमावत, आणि शेवटी जो उरे त्याला चषक. म्हणजे वर्षभराच्या गुणपत्रिकेत पहिला आलेला विद्यार्थी वार्षिक समारंभात एका तोंडी प्रश्नावर अडखळला, तर पारितोषिक दुसऱ्याच्या हाती! आम्ही वर्गात अशी पद्धत राबविली असती तर पालकांनी आमची तक्रार शिक्षणाधिकाऱ्यांकडे केली असती.

२०२२-२३ मध्ये मुंबईच्या वाट्याला हेच आले. सलग अठरा सामने अपराजित राहून संघाने ४६ गुणांनिशी ढाल घेतली. ती निश्चित झाली तीही फातोर्ड्यावर, गोव्याला पाच-तीन असे हरवून. त्यानंतर उपांत्य फेरीत बंगळूरशी गाठ पडली. अंधेरीत सुनील छेत्रीच्या एका गोलाने बंगळूर जिंकले; परतीच्या सामन्यात मुंबईने दोन-एक अशी परतफेड केली; आणि पेनल्टीचे अठरा फटके झाल्यावर नऊ-आठ असा निकाल बंगळूरच्या बाजूने लागला. अठराव्यानेही नव्हे, तर मेहताबचा फटका गुरप्रीतने अडविल्यामुळे आणि झिंगनने आपला चुकविला नाही म्हणून! त्या रात्री आम्ही या बाद फेरीच्या पद्धतीविरुद्ध एक जळजळीत स्फुट लिहून ठेवले होते. ते छापावयाचे राहून गेले हे बरेच झाले. कारण पुढच्याच वर्षी आम्हांस ते गिळावे लागले असते.

कारण २०२३-२४ चा न्याय उलटा फिरला. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला निघून गेले. त्यांच्या जागी पेत्र क्रात्की आले. ग्रेग स्ट्युअर्टसारखा खेळाडू जानेवारीत सोडून गेला. २० डिसेंबर २०२३ रोजी अंधेरीत मोहन बागानविरुद्ध जो सामना झाला त्याला सामना म्हणावे की मारामारी, हा प्रश्नच आहे. मुंबईने तो दोन-एक असा जिंकला खरा, पण पंचांना दोन्ही बाजू मिळून सात खेळाडूंना लाल कार्डे दाखवावी लागली. तो विजय आम्ही कोणास अभिमानाने सांगणार नाही. एवढे सगळे होऊनही १५ एप्रिल २०२४ रोजी, साखळीतील शेवटच्या सामन्यासाठी संघ कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानात उतरला तेव्हा ढालीसाठी त्याला नुसती बरोबरी पुरे होती. समोर मोहन बागान; भोवती साठ हजार कंठ. लिस्टन कुलासोने (तोही गोवेकरच!) पहिला गोल केला, कमिंग्जने दुसरा. छांगटेचा एक गोल शेवटी आला, पण वेळ उरला नव्हता. ४८ विरुद्ध ४७. एका गुणाने ढाल गेली.

बाद फेरी नसती तर गोष्ट येथेच संपती. पण ती होती. म्हणून फातोर्ड्याची ती सहा मिनिटे आली, २९ एप्रिलला अंधेरीत दोन-शून्य असा गोव्याचा निरोप झाला, आणि ४ मे रोजी, बरोबर एकोणीस दिवसांनी, तेच सॉल्ट लेक, तेच मोहन बागान आणि तेच साठ हजार. पूर्वार्ध संपता संपता कमिंग्जने गोल केला तेव्हा आम्ही मनाशी हार खाल्ली होती. उत्तरार्धात पेरेरा दियाझने बरोबरी केली. ८१ व्या मिनिटाला पुन्हा बिपिन सिंग. तीन वर्षांपूर्वी ज्याने याच प्रतिस्पर्ध्याचा चषक हिरावला होता तोच. भरपाईच्या वेळेत याकुब वोयतुसने तिसरा गोल केला आणि ते साठ हजार कंठ एकाएकी मुके झाले. आणि तिरी? २०२१ मध्ये ज्याने स्वतःच्या जाळ्यात चेंडू घातला होता तो या वेळी मुंबईच्या बचावात उभा होता. असे कथानक एखाद्या नाटककाराने लिहिले असते तर आमच्या नाट्यसमीक्षकांनी त्याला ‘योगायोगांचा सुकाळ’ म्हणून झोडपले असते.

मग आम्ही बाद फेरीचे समर्थक झालो काय? प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर, ढाल हा अधिक न्याय्य बहुमान आहे हे आमचे मत अजूनही पालटलेले नाही. ढालीच्या बळावरच मुंबईचा संघ २०२२ साली आशियाई चँपियन्स लीगमध्ये जाऊन इराकच्या हवाईदलाच्या संघाला हरवू शकला, आणि त्या स्पर्धेत असा विजय मिळविणारा तो पहिला भारतीय संघ. परंतु फातोर्ड्याची रात्र गुणतक्त्यातून निघत नाही. जे न्याय्य असते ते नेहमी स्मरणात राहतेच असे नाही.

आमच्या प्रतिस्पर्ध्यांविषयी चार शब्द. समाजात हल्ली द्वेषाला निष्ठेचा दाखला मानण्याची चाल पडली आहे, आणि तरुण समर्थकांच्या घोषणांतून ती मैदानातही उतरू लागली आहे. त्यांनी कलकत्त्याची एक तारीख पाठ करावी: १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्या सामन्यात उसळलेल्या दंग्यात सोळा प्रेक्षक प्राणांस मुकले. ज्या शहराने १९११ साली अनवाणी पायांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, त्याच शहराला हा दिवसही पाहावा लागला. मोहन बागानशी आपली स्पर्धा अवघ्या काही वर्षांची आहे. ती आपण खेळातच ठेवली तर बरे. आणि गोव्याचे म्हणाल तर त्याला परके म्हणताना आमची जीभ अडखळते. या शहराला फुटबॉल खेळावयास ज्यांनी शिकविले त्यांत गोवेकर आघाडीवर होते. ज्या ब्रँडन फर्नांडिसने त्या रात्री आमच्या पोटात गोळा आणला, तो काही महिन्यांतच मुंबईचा सदरा घालून उभा राहिला. पात्रांवांनी ही बातमी आम्हांस सांगितली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव वर्णन करणे कठीण आहे.

खेळाडूंच्या या ये-जा करण्यावर आमचा रोष नाही. पोटासाठी माणसे मुंबईत येतात आणि मुंबईतून जातात. हे शहरच मुळी अशा माणसांनी वसविलेले आहे. मिझोरामचा छांगटे आणि मणिपूरचा बिपिन आपले कसे, असे विचारणाऱ्याने आधी स्वतःचे आजोबा कोणत्या गाडीने बोरीबंदरला उतरले ते सांगावे. पण एक गोष्ट मात्र सलते. त्या विजयी संघाचा कर्णधार होता राहुल भेके. मुंबईत जन्मलेला, येथल्या मैदानांवर वाढलेला मुलगा. २०१९ साली बंगळूरसाठी अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्याने केला तोही अंधेरीच्याच मैदानावर. २०२४ चा चषक उंचावून तो पुन्हा बंगळूरला गेला. दियाझही तिकडेच गेला. आणि २९ मार्च २०२५ रोजी बाद फेरीच्या पहिल्याच पायरीवर त्याच बंगळूरने मुंबईला पाच-शून्य असे लोळविले. पराभव कोणाचाही होतो. आमचा प्रश्न हा की, दीड कोटींच्या या महानगरात दुसरा भेके कोठे आहे? एका संघात एका वेळी एकच मुंबईकर असावा, असा काही नियम आहे काय?

तो कोठे असणार? ज्या पोराला चेंडू लाथाडावयाला गल्लीत दोन मोटारींमधली फट तेवढी मिळते, तो राष्ट्रीय संघात जाणार कसा? महापालिकेचे अंधेरीचे शहाजी राजे भोसले क्रीडासंकुल हे आपल्या अजिंक्य संघाचे घर. त्यात दहा हजारही माणसे मावत नाहीत. सॉल्ट लेकमध्ये साठ हजारांसमोर चषक जिंकणाऱ्या संघाला आपल्या शहरात तेवढ्या माणसांचे दर्शन घडविण्याची सोयच नाही. क्रिकेटसाठी या शहरात वानखेडे आहे, ब्रेबोर्न आहे. एका खेळाला दोन वाडे आणि दुसऱ्याला भाड्याची खोली.

आणि या खोलीचेही भाडेकरू बदलत असतात. २०१९ साली मँचेस्टर सिटीच्या मालकसंस्थेने या संघाचा ६५ टक्के हिस्सा घेतला तेव्हा वृत्तपत्रांनी, आम्हीही त्यांत आलो, तुताऱ्या फुंकल्या. दोन ढाली आणि दोन चषक त्या काळात आले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पुढे २०२५ च्या उन्हाळ्यात फुटबॉल महासंघ आणि लीग चालविणारी कंपनी यांच्यातील कराराचे भिजत घोंगडे पडले. जुलैमध्ये हंगाम स्थगित झाला. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबविले. ज्या पोरांनी आपल्याला २०२४ ची रात्र दिली त्यांच्यासारखी कित्येक पोरे महिनोन्‌महिने सामना कधी होणार याची वाट पाहत बसली. डिसेंबरमध्ये त्या परदेशी मालकसंस्थेने मुंबईतून आपले अंग काढून घेतले. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. ज्या दुकानाचे दार केव्हा उघडेल हे कोणी सांगू शकत नाही तेथे भांडवल कोण गुंतविणार? फेब्रुवारी २०२६ मध्ये आखडता हंगाम कसाबसा सुरू झाला तेव्हा आम्हांस आनंदापेक्षा हायसे अधिक वाटले.

महिंद्र युनायटेडच्या वेळी आपण गप्प बसलो, रोव्हर्सच्या वेळीही गप्प बसलो. या वेळी तसे होऊ नये म्हणून हा अग्रलेख. आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. महापालिकेने शाळांच्या मैदानांवरील भाडोत्री मांडव आणि लग्नसमारंभ थांबवून ती मैदाने संध्याकाळी मुलांना खुली करावीत. संघाच्या मालकांनी, ते आज कोणीही असोत आणि उद्या कोणीही होवोत, समर्थकांचा एक प्रतिनिधी कारभारात घ्यावा आणि संघ विकण्यापूर्वी किंवा बंद करण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकण्याचे बंधन पत्करावे. महासंघाने हंगामाच्या तारखा खेळाडूंना आधी कळवाव्यात. वकिलांना मागाहून कळल्या तरी चालेल. आणि आमच्या सुशिक्षित वाचकांनी वर्षातून एकदा तरी अंधेरीचे तिकीट काढावे. नाटकाच्या तिकिटाहून ते महाग नसते, आणि मध्यंतरात वडाही मिळतो.

पात्रांवांचे आमचे बोलणे त्या एप्रिलनंतर तीन दिवस बंद होते. चौथ्या दिवशी ते आले, नेहमीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मास्तर, आमच्या पोरांनी नव्वद मिनिटे खेळावयाचे असते असे समजून खेळ केला. तुमच्यांनी पंचाच्या शिट्टीपर्यंत केला.” मग त्यांनी चहा मागितला. आगामी हंगामात गोव्याचा सामना अंधेरीत असेल त्या दिवशी आम्ही दोघे बरोबर जाणार आहोत. त्यांनी एक अट घातली आहे : गोल कोणाचाही होवो, मास्तरांनी खुर्चीवरून उठावयाचे नाही. ती पाळण्याचे वचन आम्ही अद्याप दिलेले नाही.